मसुरीच्या वाटेवर जुना दगड नव्याच्या डोक्यावर कसा चढला?

काळीमाती
नमस्कार मंडळी. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून सुटका म्हणून आम्ही घरचे सगळे डेहराडूनला जाऊन आलो. भाचा तिकडे नोकरीला आहे. सहारनपूरकडून येताना मोहंडनंतर घाट लागतो. घाटात एका ठिकाणी कड्यामध्ये नदीतले असतात तसे गोल गोटे रुतलेले दिसले. बोटाने उकरले तर वाळूसकट निसटत होते. नदी खाली, गोटे वर. पुढे डेहराडूनचं सपाट खोरं आणि राजपूर सोडलं की एकदम मसुरीचा चढ.

भाच्याचा एक मित्र भूगर्भशास्त्र शिकलेला आहे, तो बरोबर होता. राजपूरच्या वर त्याने गाडी थांबवून कडा दाखवला. वर पाटीसारखा, पण पार चुरडलेला दगड आणि खाली तेच वाळू-गोट्यांचे थर. म्हणाला, "ये ऊपरवाला पत्थर पचास करोड़ साल से भी पुराना है, नीचेवाला तो बच्चा है."

मला हे अजून पचलेलं नाही. मोहोळजवळ आमची विहीर आहे. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी ती खोल केली. काळी माती, मुरूम, मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा मऊ दगड), मग काळा पाषाण. मध्ये गेरूचा लाल पट्टा. जितकं खाली जाल तितकं जुनं, हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. मग हिमालयात जुनं वर कसं? शाळेच्या पुस्तकात "वली पर्वत" एवढ्यावरच सगळं आटोपलेलं असतं.

कडकभाकरी
दोन ट्रेन समोरासमोर धडकल्यावर डबे एकमेकांवर चढतात, तसंच ना? जाणकारांच्या उत्तराची वाट पाहतोय.

भूजल_निवृत्त
काळीमातीताई, तुम्ही शिकवलंत ते बरोबरच आहे. थर रचले जाताना खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. पण रचून झाल्यावर कुणी त्यांना हात लावला नाही तरच तो क्रम टिकतो. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याला साडेसहा कोटी वर्षांत तसा धक्का बसला नाही, म्हणून मोहोळच्या विहिरीत पुस्तकाप्रमाणे क्रम दिसतो.

हिमालयात दोन्ही बाजूंनी दाब आला. दगड दाबला की त्यात कलती भेग पडते. ती बहुतेक वेळा आडवीकडे झुकलेली असते, तीस अंश किंवा त्याहून कमी. भेगेच्या वरचा भाग त्या उतारावरून चढत पुढे सरकतो. खोलवरचा जुना दगड असा वर येतो आणि पुढे पडलेल्या नव्या गाळाच्या अंगावर जाऊन बसतो. याला थ्रस्ट म्हणतात. तुम्ही राजपूरला पाहिलीत ती मेन बाउंड्री थ्रस्ट. मोहंडच्या पायथ्याला तुम्ही न पाहताच ओलांडलीत ती मेन फ्रंटल थ्रस्ट. बद्रीनाथच्या रस्त्याने गेला असतात तर जोशीमठच्या अलीकडे, हेलंगपाशी, तिसरी भेटली असती, मेन सेंट्रल थ्रस्ट.

तिघींचं वय बघण्यासारखं आहे. उत्तरेची मेन सेंट्रल दोन कोटी वर्षांहून जुनी, मधली साधारण एक कोटीची, दक्षिणेची गेल्या वीसेक लाख वर्षांतली. म्हणजे डोंगर दक्षिणेकडे सरकत सरकत वाढतो आहे. मोहंडचे तुमचे गोटे खरंच नदीचे आहेत. हिमालयातून वाहत आलेल्या नद्यांनी ते पायथ्याशी पसरले आणि नंतर तो पायथाच डोंगरात ओढला गेला.

यंत्रमाग
आमच्या कारखान्यात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. चादर फरशीवर पसरली आणि एका टोकाने ढकलली की वळ्या पडतात. कापड तेवढंच राहतं, जागा कमी लागते आणि उंची आपोआप येते. डोंगर कुणी खालून उचलत नाही, बाजूने दाबलं म्हणून तो वर येतो. मला तर हे एवढं सोपं वाटतं.

होटगीरोड
चादरीचं ठीक आहे, चादर मऊ असते. दगड वाकेल का? मी स्थापत्य अभियंता आहे. दगड दाबला की फुटतो, वळत नाही.

कडकभाकरी
होटगीरोडसाहेब, म्हणूनच चादर नको, कडक भाकरी घ्या! काल रात्री मी प्रयोगच केला. ओट्यावर शेंगाची कोरडी चटणी पातळ पसरली, तिच्यावर नऊ इंची कडक भाकरी ठेवली. समोर पाटा आडवा लावला आणि मागून पोळपाटाने हळूहळू रेटलं. आधी काहीच झालं नाही. मग फाटकन तुटली आणि मागचा तुकडा पुढच्यावर चढला. रेटत राहिलो तर पुढचाही तुटला. शेवटी चार तुकडे कौलांसारखे एकावर एक कलते झाले. मोजलं तर नऊ इंचाचे सहा इंच उरले होते. आणि वर चढलेल्या तुकड्याच्या खाली चटणीचा पातळ थर तसाच अडकलेला.

बायको म्हणाली, प्रयोग झाला असेल तर दही काढते.

तुळशीमाळ
शेंगाची चटणी जाडसर होती की बारीक? 😀 पंढरपुरात बारीक मिळते, तिच्यावर जास्त घसरेल.

भूजल_निवृत्त
कडकभाकरी, शाब्बास. हेन्री कॅडेल या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास पेटीत वाळू आणि प्लास्टरचे थर रचून बाजूने दाबले होते आणि त्याला तुमच्यासारखेच कौलांसारखे तुकडे मिळाले होते. स्कॉटलंडमधली मॉइन थ्रस्ट त्याच काळात उलगडत होती.

चादर आणि भाकरी दोघीही खऱ्या आहेत. वरचा थंड दगड भाकरीसारखा तुटतो. दहा-पंधरा किलोमीटर खाली गेलं की उष्णता आणि दाब इतके वाढतात की तोच दगड लाखो वर्षांत चादरीसारखा वळतो. शिवाय तुटलेला तुकडा भेगेच्या वळणावरून चढताना स्वतःही वाकतो. वली आणि थ्रस्ट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच दाबाची दोन रूपं आहेत. पाठ्यपुस्तकात पहिलं रूप आलं, दुसरं राहून गेलं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आणि यंत्रमागांचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. डोंगराचा विचार उंचीपासून सुरू करू नका. आधी जमीन किती आखडली ते बघा. उंची त्यातून येते.

निऱ्या
पहिल्यांदाच लिहितेय. नऊवारीच्या निऱ्या घालताना नेमकं हेच होतं. हातभर कापड चार बोटांत बसतं. डोंगराच्या निऱ्या उलगडून मूळ कापड किती होतं हे कुणी मोजतं का?

भूजल_निवृत्त
हो, मोजतात आणि अगदी तशाच पद्धतीने. डोंगराचा उभा छेद कागदावर काढायचा, प्रत्येक थराची वळणावळणाने लांबी मोजायची, तुटलेले तुकडे मागे सरकवून जोडायचे. सगळे थर पुन्हा सपाट झाले पाहिजेत. कुठे कापड उरता कामा नये की कमी पडता कामा नये. हिशोब जुळला नाही तर छेद चुकला. हिमालयाच्या वेगवेगळ्या भागांत असे छेद काढून आलेले अंदाज चारशे ते नऊशे किलोमीटरपर्यंत जातात. सोलापूरहून मुंबई चारशे किलोमीटर आहे. एवढी जमीन निऱ्यांत गेली.

होटगीरोड
माझी शंका अजून तिथेच आहे. आकडेमोड करून बघा. दहा किलोमीटर जाड आणि शंभर किलोमीटर लांब शिळा मागून ढकलायची, तर खालचं घर्षण इतकं होईल की शिळा सरकायच्या आधी मागच्या टोकाला चुरा होईल. कडकभाकरींची भाकरी नऊ इंचाची होती.

भूजल_निवृत्त
ही शंका बरोबर आहे आणि तिने अनेक दशकं मोठमोठ्या लोकांना छळलं. १९५९ मध्ये हबर्ट आणि रुबी या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यावर मार्ग सुचवला. दगडाच्या छिद्रांत पाणी असतं. गाळ दाबला गेला आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली की पाण्याचा दाब चढतो आणि वरच्या शिळेचं बरंचसं वजन पाणीच पेलतं. घर्षण उतरतं.

घरी बघायचं असेल तर स्टीलची वाटी कढत पाण्याने विसळा आणि लगेच ओल्या ओट्यावर पालथी घाला. कुणी हात न लावता ती सरकत जाते. आत अडकलेली हवा तापून वाटीला किंचित उचलून धरते. वाटी तीच, ओटा तोच, फक्त आतल्या दाबामुळे वजन हलकं झालेलं.

काही ठिकाणी पाण्याऐवजी मिठाचा किंवा जिप्समचा मऊ थर हे काम करतो. इराणचा झाग्रोस आणि स्वित्झर्लंड-फ्रान्समधला जुरा पर्वत असेच घसरत वळले आहेत.

यंत्रमाग
आणि सगळी शिळा एकदम कशाला सरकायला हवी? मंगल कार्यालयात मोठा जमखाना सरकवायचा असेल तर चार माणसांनी ओढूनही हलत नाही. एका टोकाला झटका देऊन वळी उठवायची आणि ती पायाने पुढे ढकलत न्यायची. वळी दुसऱ्या टोकाला पोचली की जमखाना वीतभर सरकलेला असतो.

होटगीरोड
हे पटलं. वाटी आत्ता करून बघितली. सरकली.

अभ्यासिका
सर, परीक्षेसाठी विचारतोय. मग सह्याद्री कोणत्या प्रकारात?

भूजल_निवृत्त
सह्याद्री दाबातून झालेला नाही. लाव्ह्याचे आडवे थर, पश्चिमेकडची कड तुटलेली, मग पावसाने आणि नद्यांनी कोरलेली. घाटात बसमधून बघा, थर क्षितिजासारखे सरळ दिसतात. निऱ्या नाहीत. अधिक सविस्तर वेगळा धागा काढ बाळा, तिथे लिहितो.

मुरूमवाला
आमी जेसीबीवाले. येवढं शास्त्र कळत न्हाई, पण एक सांगतो. सपाट जागेवर मुरूम पसरलेला आसतो, पातं लावून पुढं ढकलत निघालो की पात्यापुढं ढीग हुतो. पात्याजवळ उंच, पुढं निमुळता. ढकलत ऱ्हावा, ढीग फुडच्या टोकाला नवा मुरूम उचलतो, पर उताराचा कोन तोच ऱ्हातो. ढीग मोठा हुतो, आकार बदलत न्हाई. ओला मुरूम आसला तर उतार येगळा, कोरडा आसला तर येगळा. भूजल सायबांनी वर सांगितलं की थ्रस्ट दक्षिणेकडं सरकत गेल्या, तवा मला ह्योच ढीग डोळ्यापुढं आला. नवी भेग कायम फुडच्या टोकाला. बरोबर हाय का सायेब?

भूजल_निवृत्त
मुरूमवाले, तुम्ही जे लिहिलंत ते १९८३ मध्ये डेव्हिस, सप्पी आणि डाहलेन यांनी गणित करून मांडलं आणि त्यांनीही उदाहरण बुलडोझरपुढच्या मातीचंच घेतलं. पात्यापुढची माती एका ठरावीक निमुळत्या कोनापर्यंत चुरडत राहते. तो कोन गाठला की सगळा ढीग एकसंध सरकतो आणि टोकाला नवा तुकडा जोडून घेतो. कोन ठरतो तो मातीच्या ताकदीवर आणि खालच्या घसरणीवर. ओल्या-कोरड्याचं तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. तिन्ही थ्रस्ट खोलवर एकाच सपाट भेगेला जाऊन मिळतात, मेन हिमालयन थ्रस्टला. तुमच्या ढिगाची ती जमीन समजा.

तुळशीमाळ
मला एक वेगळंच आठवलं. आमच्या देवघरात पणजोबांपासूनचा शाळीग्राम आहे. काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. एका बाजूला छिद्र आहे, आत बॅटरी मारली की चक्र दिसतं. रोज तुळस वाहताना बोट त्या छिद्रावरून फिरतं. नेपाळात मुक्तिनाथजवळ काली गंडकीत तो मिळतो हे माहीत होतं. मुलगी कॉलेजात भूगोल घेऊन शिकते. ती म्हणाली, आई, हा समुद्रातला जीव आहे. खरं का?

भूजल_निवृत्त
खरं आहे ताई. अमोनाइट नावाचा शंखवाला सागरी प्राणी, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा तुकडा एके काळी वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेला येत होता. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला. मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ निऱ्यांत गेला आणि उचलला गेला. तुमच्या शाळीग्रामातलं चक्र त्या समुद्रात राहत होतं. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा चुनखडकसुद्धा समुद्रात तयार झालेला आहे, तो तर याहून कितीतरी जुना.

तुळशीमाळ
आज आरतीच्या वेळी तो हातात घेतला तर वेगळंच वाटलं. देव आहेच. आता त्याच्यात समुद्रही दिसतो.

उमरगानाका
धागा वाचता वाचता १९९३ ची ती पहाट आठवली. ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीतून दमून सगळे झोपलेले. मी अकरा वर्षांचा होतो, सोलापुरात जुन्या घरात आजीजवळ झोपलो होतो. चारला चार-पाच मिनिटं कमी होती. मांडणीवरची भांडी आधी हळू वाजायला लागली, मग एक पितळी तांब्या खाली पडून गोल फिरत राहिला. आजीने मला उचलून अंगणात नेलं. उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. वडील ट्रकमधून भाकरी घेऊन गेले आणि परत आल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत. जवळपास दहा हजार माणसं गेली.

किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तेव्हा सगळे म्हणायचे की धरणाच्या पाण्यामुळे झालं. त्याचा या विषयाशी संबंध आहे का?

होटगीरोड
धरणामुळे झाला तो कोयनेचा ना, ११ डिसेंबर १९६७ चा?

भूजल_निवृत्त
उमरगानाका, संबंध आहे आणि सरळ आहे. कोयनेत धरणाच्या पाण्याचा हात होता हे बहुतेकांनी मान्य केलं आहे, पण तिथे दगडाचे तुकडे मुख्यतः बाजूबाजूने घासत सरकले. किल्लारीत तसं झालं नाही. तिथे एक बाजू दुसऱ्यावर चढली. किल्लारीचा भूकंप थ्रस्ट प्रकारचा होता. भूकंपानंतर शेतात जमीन उचलली गेल्याच्या खुणा दिसल्या होत्या, त्या याच हालचालीच्या.

हिमालयात अडकलेला भारत मागून अजून ढकलला जातोय. तो दाब सगळ्या भूखंडातून जातो, अगदी आपल्या पायाखालूनही. लाव्ह्याच्या खाली फार जुने ग्रॅनाइटसारखे दगड आहेत, त्यांत जुन्या कमकुवत जागा आहेत. तिथे कधीतरी दाब सुटतो. मसुरीचा कडा आणि किल्लारीची पहाट, दोन्हींमागे तोच रेटा आहे.

अभ्यासिका
म्हणजे मराठवाड्यातही डोंगर होणार?

मुरूमवाला
पातं पार तिकडं लांब हाय की रं. हितं नुसती थरथर येती.

भूजल_निवृत्त
मुरूमवाल्यांनी छान सांगितलं. हिमालयात आजही वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर जमीन आखडते आहे. म्हणजे पाचशे वर्षांत दहा मीटर. हे रोज सरकत नाही. भेगेचा वरचा भाग अडकून बसतो, ताण साठतो आणि एखाद्या मोठ्या भूकंपात काही मीटर एकदम सुटतात. १९०५ चा कांगडा, १९३४ चा बिहार-नेपाळ, २०१५ चा नेपाळ. आपल्याकडे असं साठायला फार जास्त वेळ लागतो आणि ते एकाच जागी पुन्हा पुन्हा होत नाही.

२०१५ ची एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकून मी स्वतः थक्क झालो होतो. त्या भूकंपात काठमांडूचा परिसर जवळपास मीटरभर वर आला आणि उत्तरेची उंच शिखरं मात्र थोडी खाली बसली. कारण शिखरं दोन भूकंपांच्या मधल्या काळात वाढतात. खोलवर भेगेला चढ आहे, त्याच्यावर ती हळूहळू रेटली जात असतात. भूकंपात पुढचा भाग सुटून सरकला की मागचं ताणलेलं थोडं सैल होतं.

निऱ्या
मग एवढ्या निऱ्या पडूनही हिमालय आणखी उंच का होत नाही? नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. कोट्यवधी वर्षांच्या हिशोबाने तो तीस किलोमीटर उंच व्हायला हवा होता.

भूजल_निवृत्त
तीस किलोमीटर आहेतच ताई, फक्त खाली. साधं भूकवच पस्तीसेक किलोमीटर जाड असतं. तिबेटखाली ते सत्तरच्या आसपास आहे. कापड निम्म्या जागेत बसवलं की जाडी दुप्पट. पण कवच खालच्या जड थरावर तरंगतं. सिद्धेश्वर तलावात लाकडाचा ओंडका टाका, बराचसा पाण्याखाली जाईल. जादा पस्तीस किलोमीटरपैकी पाचेक वर दिसतात, बाकीचं मूळ म्हणून खाली जातं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही भारतातच. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीत उत्तर प्रदेशातलं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर यांच्यातलं अंतर दोन पद्धतींनी काढलं तर पाच सेकंदांचा फरक आला (हे सेकंद वेळेचे नाहीत, कोनाचे, अंशाचा छत्तीसशेवा भाग). ओळंबा हिमालयाकडे ओढला जातो, हे कारण होतं. पण कलकत्त्याचे पाद्री प्रॅट यांनी हिशोब केला तर फरक सोळा सेकंदांच्या आसपास यायला हवा होता. म्हणजे हिमालय ओढायला हवा तेवढा ओढत नव्हता. १८५५ मध्ये इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी सांगितलं की डोंगराला खाली हलक्या दगडाचं मूळ असणार.

आणि वरून झीज चालूच असते. माथा झिजला की मूळ थोडं वर येतं. झिजलेलं सगळं गंगा-ब्रह्मपुत्रा बंगालच्या उपसागरात नेऊन टाकतात. तिथे समुद्रतळावर सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा गाळाचा पंखा पसरला आहे.

कडकभाकरी
ताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल विचारायचं राहिलं. जुना दगड नव्यावर असतो हे पहिल्यांदा लोकांनी मानलं कसं? मला कुणी सांगितलं असतं तर मीही मानलं नसतं.

भूजल_निवृत्त
मानलं नाहीच! स्वित्झर्लंडमध्ये ग्लारूस नावाचा प्रदेश आहे. तिथे कड्यावर पट्टीने आखल्यासारखी एक रेघ कित्येक किलोमीटर दिसते. रेघेवर पंचवीस-तीस कोटी वर्षांचा दगड, खाली पाच कोटींहूनही तरुण. अर्नोल्ड एशर यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे दिसलं होतं, पण एवढी मोठी शिळा सरकली हे छापायला ते कचरले. त्यांचे शिष्य आल्बर्ट हाइम यांनी दोन समोरासमोरच्या वळ्यांचं स्पष्टीकरण दिलं. १८८४ मध्ये मार्सेल बेर्त्राँ यांनी म्हटलं की वळ्या दोन नाहीत, थ्रस्ट एकच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाइम यांनी ते मान्य केलं. आयुष्यभराचं काम बाजूला ठेवून ते मान्य केलं, याबद्दल मला त्या माणसाचा फार आदर वाटतो. २००८ मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली.

काळीमाती
सगळं दोनदा वाचलं. भाच्याला फोन करून रविवारी पुन्हा राजपूरच्या त्या कड्यापाशी पाठवलं आणि सांगितलं, वरचा दगड नको, खालचा नको, दोघांच्या मधली जागा बघ.

त्याने फोटो पाठवलेत. मध्ये राखाडी पट्टा आहे, कुठे वीतभर तर कुठे हातभर. दगड नाहीच तो. पाटीचा दगड दळून पीठ झालेलं, ओलं झालं की चिकणमातीसारखं बोटाला लागतं. त्यात वरच्या दगडाचे चपटे तुकडे एकाच दिशेला कललेले. कडकभाकरी, तुमच्या भाकरीखाली अडकलेली चटणी ती हीच.

फोटो मोठा करून शाळेत लावणार आहे, शेजारी आमच्या विहिरीचा. मुलांना दोन्हींत वरचा थर कोणता आणि जुना कोणता ते ओळखायला सांगेन.

मुरूमवाला
ताई, भाच्याला सांगा त्या पट्ट्याच्या खाली गाडी लावू नको म्हणावं. फोटोत माती सैल दिसतीया, पावसाळ्यात येती ती खाली.

काळीमाती
सांगितलं. तो म्हणाला, रस्ता तिथे दर पावसाळ्यात खचतो.